उणे एक

नार्व्हात फेब्रुवारी.
हेल्वीच्या दुकानातून आणलेला लॅपटॉप
बाबांनी अर्धा तास खोक्यातच ठेवायला लावला.
बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या यंत्राला
घरात शिरल्याशिरल्या वीज द्यायची नसते,
आधी त्याला घाम येऊन सुकू द्यायचा.
सव्वीस वर्षं गिरणीत माग सांभाळलेला माणूस.
मी ऐकलं.

पैसे एकाचेच होते.
त्यांना विंडोज हवं : कापडावरच्या नक्ष्या काढायचा
त्यांचा तो जुनाट प्रोग्रॅम दुसऱ्या कशावर चालत नाही.
मला लिनक्स, रात्रीच्या वर्गासाठी.
"म्हणजे वाटणी," बाबा म्हणाले,
आणि खुर्ची ओढून पंचासारखे बसले.

पाचशे बारा गिगाबाइटचं रान.
विंडोजला म्हटलं, जरा सरकून घे.
सरकेना.
ऐन मध्यावर त्याची एक न हलणारी फाइल,
भावकीतल्या थोरल्यासारखी, पाय पसरून.
मग कळलं, हा बंद होतच नाही मुळी,
बंद झाल्याचं सोंग घेतो,
म्हणजे सकाळी लवकर उठल्याची शेखी मिरवता येते.
झोपलेल्याला उठवता येतं, बाबा, सोंग घेतलेल्याला नाही.
ते हसले. मी एक खूण काढून टाकली.
आता खरा झोपला. मग सरकला.

"तू कमी घेतलीस."
"मला पुरते."
"आणि मधली भिंत?"
"भिंत नसते. नुसता आकडा असतो,
इथपर्यंत तू, इथून पुढे मी."
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
नदी, तिच्यावर पूल, पुलावर दिवे,
पलीकडे रिम्मा आत्याचं घर,
हिवाळ्यात आमच्यापेक्षा एक तास पुढे असलेलं.
काही बोलले नाहीत. बिस्कीट चहात बुडवून विसरले.

एका घरात दोन चुली मांडल्या
आणि पहिल्याच रविवारी घड्याळ बिघडलं.
आत्याला फोन तिच्या सातला, आमच्या सहाला,
गेली कितीक वर्षं.
मोबाइलवर बाबांचा भरवसा नाही :
खिडकीशी गेलं की तो पलीकडचा टॉवर पकडतो
आणि एका पावलात एक तास म्हातारा होतो.
म्हणून त्यांनी नव्या लॅपटॉपवर पाहिलं. चार.
आरामात दाढी केली.
तिथे सहा वाजले तेव्हा नंबर लावला.
आत्याकडे नऊ वाजून गेले होते, ती निजली होती.
फोन वाजत राहिला नदीपलीकडे,
आणि बाबा रिसीव्हर धरून उभे,
एका गालावर साबण.

दोष कुणाचा म्हणून शोधत बसले रात्री.
माझं लिनक्स चिपमध्ये ग्रीनिचची वेळ लिहून निजतं,
त्यांचं विंडोज उठून तीच इथली म्हणून वाचतं.
खोटं कुणीच बोलत नाही.
एका ओळीच्या आज्ञेत मिटलं.
आत्याला मात्र दोन रविवार लागले.
"येफिम, तू विसरलास," एवढंच म्हणायची,
आणि घड्याळाची ही गोष्ट
फोनवर रशियनमध्ये समजावून सांगणं
बाबांना काही जमलं नाही. मलाही नाही.

राहिला तो सुरुवातीचा काळा पडदा.
दोन ओळी, वर माझी, खाली त्यांची,
आणि कोपऱ्यात दहापासून उलटे उतरणारे सेकंद.
दहात त्यांचा चष्मा सापडत नाही.
सापडतो तोवर माझं दार उघडलेलं असतं.
तक्रार नाही. पुन्हा बंद करतात, पुन्हा लावतात,
खिसे चाचपतात,
पुन्हा माझंच दार.
चार वेळा पाहिलं मी हे, स्वयंपाकघरातून,
हातात बटाटा आणि सुरी.

त्या रात्री ती फाइल उघडून दहा खोडले.
शून्य लिहिलं तर थांबतच नाही.
उणे एक लिहिलं.
उणे एक म्हणजे मोजू नकोस.

सकाळी उठले तर पडदा उजळलेला,
दोन ओळी तशाच,
बाबा समोर, सदऱ्याच्या टोकाने काच पुसत,
सावकाश, आधी डावी.