अठ्ठेचाळीस अंशांत हिव

मुकादमचाचांची पिकअप शहाऐंशीची.
दार लावायचं तर आधी उचलायचं, मग आपटायचं,
तरीही ते लागणार स्वतःच्याच मनानं.
सव्वीस वर्षं तिनं उम्म अल क्वैनच्या गल्ल्यांतून
घरोघरच्या चुलींसाठी सिलिंडर वाहिले
आणि स्वतः पेट्रोल प्यायली.
"पखालीचा रेडा केला मी तिचा," चाचा म्हणाले.
"आता तिलापण गॅसवर घाल, मिस्त्री.
हर्णैला परत जायच्या आधी
एवढं एक ऋण फेडू दे."

कार्बोरेटर तसाही मेला होता.
भंगारवाल्या पठाणानं तीन पिकअप उघडून दाखवल्या,
तिन्हींच्या पोटात वाळू.
मग मिक्सरची कडी मी लेथवर स्वतः कातली.
कोल्हापुरात, उद्यमनगरात शिकलेला हात,
केसाएवढी चूक झाली तर
अजून मामांची टपली आठवते.

टाकी मागे, केबिनला पाठ लावून, चार बोल्टांत.
तांब्याची नळी चेसिसच्या कडेनं,
दर हातभर अंतरावर क्लिप,
कारण ही गाडी बसल्या जागी थरथरते.
गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या बैठका खातो,
म्हणून त्या कडक घातल्या.
ठिणगी चार अंश आधी पाडली.
आणि रेग्युलेटरला इंजिनाचं गरम पाणी जोडलं,
कारण टाकीतून येताना गॅस पाण्यासारखा पातळ असतो,
त्याची वाफ व्हायला ऊब लागते
आणि ती तो मिळेल तिथून ओढून घेतो.

साबणाचा फेस ब्रशनं प्रत्येक नटाला लावला.
एकाच ठिकाणी बुडबुडा आला,
नवसाच्या पोरासारखा हळूहळू मोठा झाला.
आवळला.
गेला.

जुलैची दुपार. रंगाच्या कंपनीनं दिलेला थर्मामीटर
सावलीत अठ्ठेचाळीस दाखवत होता.
पिकअप पहिल्या चावीला सुरू झाली,
तीन मिनिटं छान बोलली,
मग घसा बसला, मग गप्प.

बॉनेटखाली बघतो तर रेग्युलेटर पांढरा.
चुना फासावा तसा.
टेकबहादूरनं हातातला पाना खाली ठेवला.
चार वर्षं झाली पोराला जुमला सोडून,
रजेचा कागद कफीलच्या ड्रॉवरमध्ये.
त्यानं आधी बोट लावलं.
मग तळवा.
मग वाकून, ऑईलनं माखलेला गाल.
"तुसारो," तो म्हणाला,
मला नाही, त्या लोखंडाला.

आमच्याकडे हिव वाजतं ते अंगात,
गोधडीखाली, तापाच्या रात्री.
डोळ्यांनी बघितलेलं मी हे पहिलंच.

मला कळलं होतं काय झालंय.
पाण्याच्या पाइपात हवा अडकली होती.
वरची क्लिप ढिली करायची,
गुळगुळ आवाज होऊ द्यायचा,
दोन मिनिटांचं काम.
चाचा घड्याळ बघत होते,
चौदा सिलिंडर उन्हात,
बिर्याणीवाल्याचा तिसरा फोन.
"थांबा चाचा," मी म्हणालो, "गाडी जरा निवू दे."
त्याहून निवलेलं त्या घडीला
आख्ख्या सनैयात काही नव्हतं.

चाचांनी पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि फोन खिशात टाकून
सुलेमानी सांगायला टपरीकडे गेले.
तीन सांगितल्या.

नंतर क्लिप ढिली केली.
हिरवं पाणी फुसफुसत वर आलं,
नळी गरम झाली,
हिव कडेनं सुटलं, टपटपलं,
फरशीवर पडलं ते ओल होण्याआधीच वाळलं.
पिकअप सुरू झाली ती थांबलीच नाही,
सिलिंडर खडखडवत वळणापार गेली.

टेकबहादूरनं चहा डाव्या हातात घेतला.
उजवा तसाच, पँटला न पुसलेला.

रात्री शटर ओढताना त्यानं विचारलं,
आणखी कुणाची जुनी गाडी आहे का, उस्ताद,
गॅसवर करायची?