येळवशीला कुडल

बाराच्या सुमाराला फाट्यावर उतरले
तर गाव बंद.
दारांना कड्या, पारावर एक शेळी,
गिरणी गप्प.
दुकानातल्या पोरानं मोबाइलमधनं मान न काढता सांगितलं,
"येळवस हाय वो आज. सगळे रानात.
अक्षरं दावणारा रेवणसिद्धबी रानातच."

सोलापुरात जन्म. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला.
फळ्यावर भीमा काढली, सीना काढली,
दोघींची गाठ घातली दर जूनला,
आणि तासाभराच्या रस्त्यावरचं हे ठिकाण
पाहायचं राहूनच गेलं.

काळ्या रानातनं निघाले.
ज्वारी माझ्या खांद्याला, हरभऱ्याच्या आंबेनं पाय चुरचुरलेले.
प्रत्येक बांधावरून कुणीतरी हाक मारत होतं
ओळख ना पाळख.
तिसऱ्या हाकेला थांबले.

कडब्याची कोप,
आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांच्यावर हिरवी शाल.
निंबव्वानं आधी पत्रावळ मांडली, मग नाव विचारलं.
भज्जीत ओला हरभरा, तूर, बोरं, चिंच,
आणखी काय काय, तिलाही मोजता येईना.
बाजरीचे उंडे. गाडग्यातली गार अंबील.
"शेरात मिळतंय का असलं?"
नाही म्हटलं. खरंच नाही मिळत.

तिच्या घरात कानडी, माझ्या घरात तेलुगू.
"मग आपल्याला भांडायचं झालं तर वो?"
तिनंच उत्तर दिलं : "मराठीत भांडू."
हसता हसता ठसका लागला मला
अंबिलीचा.

ऊन कललं तसा तिचा पोरगा
पेटता टेंभा घेऊन बांधाबांधानं पळत सुटला,
होलगे, होलगे!
अर्थ विचारला.
रेवणसिद्धनं वडिलांकडे पाहिलं,
वडिलांनी आभाळाकडे.
"वरडायचं असतंय," निंबव्वा म्हणाली. "पिकाला कळतंय."

मग हात धुऊन तो आला माझ्यासोबत देवळात.
खाली दोन नद्या.
कुठली कुठं संपली, ते भूगोलाच्या बाईला
बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

तुळईवर अक्षरं, हजार वर्षांची.
मी बॅटरी समोरून धरली.
नुसता दगड.
"आसं न्हवं बाई. आडवा धरा उजेड."
त्यानं बॅटरीचं टोक जरासं वळवलं
आणि दगडातून एकेक रेघ उठून बसली
आपापली सावली घेऊन.
वाचील त्याचा विजय होवो, असं काहीसं लिहिलंय म्हणे.
मला दोन अक्षरं लागली.
एक बहुधा व.

शेवटच्या एसटीत कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला,
"येळवस जेवून आलाव जणू. वास यालाय."
पिशवीत निंबव्वानं बांधलेले चार उंडे होते,
पदराला टेंभ्याची काजळी.
एक उंडा त्याला दिला.
सुट्टे पैसे मागायचं तो विसरला,
मीही आठवण केली नाही.