वारा अकरा

ग्दान्स्कच्या बंदरात लेशेक एकोणीस वर्षं
चाळीस मीटर उंच, काचेच्या खोक्यात बसला.
खाली बघून बघून मान गेली.
चहाचा थर्मास आणि लघवीची बाटली
एकाच खुंटीला; एकदा घोटाळाही झाला,
तो किस्सा अजून रंगवून सांगतो.

आता क्रेन तीच, खोकं रिकामं.
जमिनीवरच्या उबदार खोलीत सहा पडदे
आणि बोझेना, जी परवापर्यंत
कॅन्टीनमध्ये बीटाचं सूप वाढायची.
तिचा गुडघा ती शिडी कधीच चढला नसता.
बसल्या जागी ती तीन क्रेन हलवते,
पगार दुप्पट, मुलीला दात बसवले.
उरलेल्या दोघांचे कप
अजून फळीवर आहेत, नावांसकट.

लेशेकला ठेवलाय शिकवायला. मार्चपर्यंत.
तो म्हणतो, वारा अकरा.
ती म्हणते, हो, दिसतोय की, अकरा.
नुसता दिसून काय होतंय, म्हणत
तो तिची खुर्ची मागून धरतो
आणि डोलवतो,
डावीकडे, जरा थांबून, परत.

ती डोळे मिटते.
पडद्यावर एक कंटेनर
अधांतरी,
कुणाची तरी वाट बघत.