दिव्याची वर्गणी

रम्सच्या धक्क्याच्या टोकाला एक दिवा होता, हिरवा.
म्हणजे काच हिरवी; उजेड हिंगापुरता.
कोणी लावला होता कोणाला ठाऊक नव्हतं.
रमजानच्या आधी, वाऱ्याच्या एका रात्री, तो गेला
आणि सकाळी सगळ्यांनी पहिल्यांदाच
त्याच्याकडे नीट पाहिलं.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहितो:
लाद्या किती गेल्या, कोणाच्या होडीत, रोख की उधार.
म्हणून वर्गणीची वहीही माझ्याच गळ्यात पडली.
एकशेवीस होड्या, होडीमागे चाळीस दिरहम.
गणित सोपं होतं.

उबैद म्हणाला, माझ्याकडे जीपीएस आहे.
हमदान म्हणाला, उबैदने दिले की देतो.
जुमा म्हणाला, मी तर दिवसाच जातो,
आणि त्याच संध्याकाळी होडीत जाळी भरताना दिसला.
म्हाताऱ्या खलफानने ऐंशी दिले.
चाळीस माझे, चाळीस जो देणार नाही त्याचे.
कोण तो? मी विचारलं.
नाव मोकळं ठेव, म्हणाला.

खोटं कोणीच बोलत नव्हतं, हीच तर गोम.
लादी मी अडवू शकतो: पैसे नाहीत, बर्फ नाही.
उजेड कसा अडवायचा?
देणाऱ्याच्या नाळेवर पडतो
तसाच न देणाऱ्याच्या.
दहा होड्यांनी वापरला म्हणून
अकराव्या होडीला उरला नाही, असंही होत नाही.
असला माल कोणत्या तराजूत घालणार?
आमच्या हर्णैला म्हणतात, भागीचं घोडं किवणाने मेलं.
मी ते मोडक्या अरबीत सांगितलं.
उबैदने विचारलं,
घोडं नक्की कोणाचं होतं?

सातशे साठ जमले.
तोफज्जल, जुमाच्या होडीवर जाळं ओढणारा,
दहाची घामट नोट घेऊन आला.
मी म्हटलं, तुझं नाव यादीत नाही, मालकाने द्यायचे.
म्हणाला, खडक मालकाला विचारून लागत नाही.
तरी मी नोट परत केली. यादी म्हणजे यादी.

चौथ्या आठवड्यात जुमाची होडी खडकावर गेली.
मेलं कोणी नाही.
तोफज्जलची दोन बोटं, उजव्या हाताची,
दोर आणि दगड यांच्यामध्ये राहिली.
जुमाने मासळीचं नुकसान मला लिहून दिलं: चार हजार दोनशे.
बोटांचा रकाना
कोणाच्याच वहीत नव्हता.

मग सरकारची पांढरी गाडी आली.
तीन माणसं, एक फीत, एक नकाशा.
अकरा दिवसांत नवा दिवा, सौरऊर्जेवरचा,
आणि परवान्याच्या फीमध्ये होडीमागे पंचवीस जास्त.
सगळ्यांनी भरले. चहावर कुरकुरले सगळ्यात जास्त
ते, ज्यांनी मला चाळीस नाकारले होते.

दिवा दोन हात आत लागला आहे.
खलफानने तिथेच उभं राहून सांगितलं होतं;
ते म्हणाले, नकाशात इथेच आहे.
आता प्रत्येक तांडेल मनातल्या मनात
दोन हात डावीकडे धरतो.
तोफज्जलच्या भरपाईचा अर्ज एका कचेरीतून दुसरीत गेला,
दुसरीतून, सांगतात, तिसरीत.
दिव्याला अकरा दिवस लागले.
अर्जाचे दिवस मी मोजायचे सोडले.

वर्गणी मी परत केली, सही घेऊन, ज्याची त्याला.
खलफानने आपले चाळीस घेतले.
मोकळ्या नावापुढचे घेतले नाहीत.

माझी होडी नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो;
परदेशी माणूस, पगारावरचा, माझा काय संबंध.
पण रोज रात्री कारखान्याचं शटर ओढून
धक्क्यावरून खोलीकडे जातो
तेव्हा चपलेखालचं शेवाळ हिरवं दिसतं, पाय जपून पडतो.
इतकी वर्षं पडत आला आहे.

काल खलफान भेटला. म्हणाला,
ते नाव लिहिलंस का?
मी खिशात पेन शोधत राहिलो.
पेन कानावर होतं.