कालचा पाव

लोटलीच्या बेकरीची वेबसाइट मी बोरीत बसून बांधली.
मधे जुवारी, मधे पूल,
आणि माझ्या अकराच्या चहापाशी
सगळ्या चाचण्या हिरव्यागार.

फोटो दाबून दाबून चाळीस केबीत बसवले,
भट्टीपाशी रेंजची एकच काडी म्हणून.
बटण अंगठ्याएवढं केलं.
मग पियेदादचा अंगठा पाहिला,
पिठानं माखलेला, भाजून भाजून गुळगुळीत,
आणि दुप्पट केलं.
नाजूक राखाडी अक्षरं तिनं एका वाक्यात उडवली:
"धुरात दिसत ना."
पासवर्ड कोडात ठेवला नाही. पाठीवर थाप मारून घेतली.

चौथ्या दिवशी तिचा फोन.
"गो बाय, तुझं मशीन एर्मेलिंदाचे उंडे गिळतं."

एर्मेलिंदाचा आलेश तारवटी.
जहाज ज्या पाण्यात असेल तिथून
रोज आईच्या नावानं दोन उंडे लावतो.
तीन सकाळी पोदेर तिच्या दारावरून
भोंपू वाजवत तसाच पुढे गेला.
ती पायरीवर, रिकामी पिशवी हातात.
हाक मारली नाही म्हणे.
मुलगा विसरला असेल, असं तिनं ठरवून टाकलं.

मी तपासलं, अकरा वाजता. चालतं.
दुसऱ्या फोनवरून तपासलं. चालतं.
"माझ्याकडे चालतं" हे आमच्या धंद्यातलं
सगळ्यात निरुपयोगी वाक्य आहे
आणि ते मी तिला दोनदा ऐकवलं.

शेवटी रात्री स्कूटर काढली.
पुलावर खारा वारा, खाली एका होडीचा कंदील.
भट्टी पेटलेली. दोन पोरं पीठ मळताहेत,
कोंड्यात लोळून पोया रांगेत झोपल्यात.
मैद्याच्या पोत्यावर लॅपटॉप, मी उकिडवी.

दोन चाळीसला टिंग झालं.
आलेश. दोन उंडे. नेहमीचं दार.
आजच्या यादीत बघते तर नाही.
सहज, हात जातो म्हणून, कालची यादी उघडली
आणि तिथे तो, शहाण्यासारखा, शेवटच्या ओळीत.

सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं.
तिथे अजून कालच रात्रीचे नऊ वाजून दहा.
मध्यरात्र ते साडेपाच, एवढीच फट,
तीत पडलेली प्रत्येक मागणी
जन्मतःच शिळी.
आणि नेमकी तेवढ्याच वेळात
या गावाची भाकरी होते.

पियेदादला समजावलं.
तिनं फळीवरचा पाव आत ढकलला, घाम पुसला.
"पोर्तुगीज जाऊन इतकी वर्सां झाली,
आणि आमचं काल-आज अजून तिकडेच ठरतं?"

वेळ साठवायची त्यांची, दाखवायची आपली.
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.
पण मी कधी रात्री अडीचला
माझंच पान उघडून पाहिलं नव्हतं.
दोन ओळी बदलल्या. कळांच्या फटीत मैदा गेला,
'आ' अजूनही जरा अडकतो.

मग मागचे सहा उंडे राहिले.
त्यांची तारीख दुरुस्त करता येते,
सकाळ नाही.
पियेदादनं पिशवी भरली, वर एक कांकण टाकलं,
"हे हिशेबात घालू नको," म्हणाली,
आणि पोदेराला बजावलं, आज दारात थांब,
सांग, मुलानं रोज लावले होते.

उजाडताना ती ओलं फडकं घेऊन भिंतीकडे वळली.
खडूच्या रेघा, घराघराच्या,
कुणाचे चार, कुणाचे सहा, कुणाचं उधार.
आता मशीन चालतं, तर पुसते, म्हणाली.

मी तिचा हात धरला.
आठवडाभर तरी राहू दे ग.