उतरवायचा राहिलेला एक

१११११ १११११ १११११ ११

मधल्या जागा मी सोडल्यात, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.
आदूमामा सोडत नसे.
हियुमा बेटाच्या टोकाला त्याचं दीपगृह,
दिवा पेटला की रात्रभर दुसरं काम नाही,
त्यानं सतरा एक कुंपणाच्या खुंटांसारखे
खेटून खेटून लिहिले
आणि विचारलं : ह्याला भाग जातो कशानं?

शेवटी एक, म्हणजे दोन नाही, पाच नाही.
अंकांची बेरीज सतरा, म्हणजे तीनही नाही.
नवानं गुणून एक मिळवला तर
सगळे खुंट आडवे, एकामागे सतरा शून्यं.
दिसायला छान, उपयोग काही नाही.
दोन हिवाळे गेले तेव्हा उमगलं :
भाग जाणारच असेल तर फक्त त्यानं,
जो चौतिसाच्या पाढ्यातून एक पाऊल पुढे उभा आहे.
मग मामा त्या पाढ्यानं चालत निघाला.
एकशे तीन. एकशे सदतीस. दोनशे एकोणचाळीस.
रात्री बारा-पंधरा भागाकार.
समुद्र गोठायचा, सुटायचा.
मामी म्हणायची,
ह्या घरात मासे कमी आणि बाक्याच जास्त.
शेवटी मामा भागला;
संख्या भागली नाही.

त्याच्यामागं वह्या माझ्याकडे आल्या, एकतीस,
रॉकेलचा वास असलेल्या.
शाळेत तेव्हा नवा संगणक आला होता.
सतरा एक टाकले. चहाचा कप टेकवायच्या आत उत्तर :
वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस.
दुसरा अवयव मी वाचलाच नाही.
घरी जाऊन वह्या उपसल्या.

हा आकडा तर त्यानं गाठला होता!
अकरावा हिवाळा, एकोणिसावी वही.
भागाकार सुबक, हातचा एकही चुकलेला नाही,
तळाशी बाकी : १४५०२०६.
खाली रेघ. पुढचा आकडा.
त्यापुढं अजून नऊ हिवाळे.

वरचे एक मोजले, बोट ठेवून ठेवून.
सतरा.
खाली उतरवलेले मोजले.
सोळा.

सगळे एकसारखे, कोण कुणाची हजेरी घेणार?
वात फडफडली असेल,
मामीनं हाक मारली असेल,
किंवा काहीच झालं नसेल.

त्याच्याच पेन्सिलीनं बाकीपुढं
राहिलेला एक उतरवला :
१४५०२०६१.
सातानं गुणून पाहिलं. बरोबर तेवढेच.
बाकीच्या जागी शून्य
एकतीस वह्यांत कुठंच नव्हतं,
ते काढताना माझं अक्षर
त्याच्या शेजारी फार मोठं दिसलं.

दुसऱ्या दिवशी चौथीच्या मुलांना सांगितलं,
आकडा खाली उतरवलात की
वर त्याच्या डोक्यावर एक टिंब द्या.
लेम्बितनं विचारलं, एवढ्याशा उदाहरणात कशाला?
मी म्हटलं, दे.