डूर

एडिनबराच्या कचेरीतल्या जाड कोशात
त्या शब्दापुढे एवढंच होतं:
विनोदबुद्धी नसलेला. रुक्ष. आंबट तोंडाचा.
मोराग लेंगला ते पुरेना.
शब्द उत्तरेकडचा, तिथल्या मातीतला,
मग मातीलाच विचारावं म्हणून
टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ती निघाली.
अ‍ॅबर्डीनहून एक बस, मग दुसरी,
मग चिखलातून दीड मैल
हेक्टर रेनीच्या स्वयंपाकघरापर्यंत.

"डावर," ती म्हणाली.
"डूर," इसबेलनं दुरुस्त केलं, किटली चढवता चढवता.
"डावर म्हणतात ते खाली इंग्लंडात.
त्यांना हा भेटलेला नाही."
आणि मागे न वळता
कोपरानंच नवऱ्याकडे दाखवलं.

हेक्टर काही बोलला नाही. कुत्राही नाही.
त्या टेपवर अजून आहे
चार मिनिटं नुसती घड्याळाची टिकटिक.

मग म्हणाला, वरचं रान डूर आहे.
नांगर घातला की दगड निघतात,
वेचले की पुन्हा निघतात,
बटाट्याला मात्र लाज वाटते.
ओढ्यातला मासा डूर,
वारा पूर्वेचा असला म्हणजे.
गळाशी येतो, बघतो, जातो.
गंजलेला बोल्ट.
फेब्रुवारी.
माझे वडील.

मोराग लिहीत होती, कार्डामागून कार्ड.
मी असते तिथे तर काय लिहिलं असतं?
घुम्या? त्याच्या पोटात काहीतरी शिजत असतं.
एरंडेल प्यालेला? तो निदान तोंड तरी वाकडं करतो.
अरसिक म्हणावं, तर उगाच गाणंबजावणं मध्ये येतं.
कोरडा, हां, जवळ जातं;
पण कोरड्याला कधीतरी पाणी हवंसं वाटतं.
ह्या माणसाला चहासुद्धा
इसबेलनं ओतला म्हणून होता.

"म्हणजे मिस्टर रेनी, डूर तो, जो हसत नाही?
तुम्ही शेवटचं कधी हसलात?"

हेक्टर उठला.
भिंतीवर पेंडवाल्याचं कॅलेंडर होतं.
चष्मा लावला. मे उलटला. एप्रिल उलटला.
मार्चच्या चौकोनांवरून जाडजूड बोट
सावकाश चालत गेलं, थांबलं.
"चौदा तारीख. मंगळवार. दुपारी."
आणि जरा वेळानं,
"घरी कोणी नव्हतं."

मोरागनं लिहून घेतलं, तारीखवारासकट,
खाली रेघ मारून.
इसबेल एकाएकी मोरीकडे वळली
आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुऊ लागली.

परतीची बस दगडखाणीच्या वळणावर आली
तेव्हा ते कार्ड तिच्या हातात होतं.
ती अशी फिस्सकन हसली
की ड्रायव्हरनं आरशात पाहिलं,
शेजारच्या बाईनं पिशवी स्वतःकडे ओढली.
'विनोदबुद्धी नसलेला' तिनं खोडलं.
पुढे काय लिहावं
ते शहर येईपर्यंत सुचलं नाही.

तिकडे हेक्टरनं कॅलेंडर परत मेवर आणलं,
कानामागची पेन्सिल काढून
आजच्या चौकोनात बारीकशी फुली मारली.
"काय रे ते?" इसबेलनं विचारलं.
"गाय," तो म्हणाला.